विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला अँटिव्हायरस अडवतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जळगावात बसून आडत, केळी खरेदी, जिनिंग आणि सराफी पेढ्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहितो आणि विकतो. रावेर-सावद्यापासून शहादा-नंदुरबारपर्यंतचे ग्राहक नवीन व्हर्जन टाकताना जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं दुसऱ्या कोणाकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही बहुतेक लागू पडतील. आत्ता स्क्रीनवर काहीतरी आलेलं असेल आणि समोर गिऱ्हाईक उभं असेल, तर काहीही दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि मग वाचा.

पैसे मोजले, पक्कं बिल घेतलं. तरी कॉम्प्युटर त्याला व्हायरस का म्हणतो?

अँटिव्हायरसला तुमचं बिल दिसत नाही. त्याला फक्त फाईल दिसते. ही फाईल आधी कुठे पाहिली आहे का, तिच्यावर कोणाची सही आहे का, ती कॉम्प्युटरमध्ये काय काय करू पाहते, एवढ्यावर तो ठरवतो. पैसे दिले की चोरून आणली, हा हिशेब त्याच्याकडे नसतो.

गंमत अशी की विकतच्या सॉफ्टवेअरवर संशय येण्याचं एक कारण ते विकतचं असणं हेच आहे. फुकटच्या सॉफ्टवेअरला कुलूप नसतं, विकतच्याला असतं. एकाच्या लायसन्सवर दहा दुकानांनी चालवू नये म्हणून बनवणारे आतला कोड दाबून, गुंडाळून, वाचता येणार नाही असा करून ठेवतात. सॉफ्टवेअर चालू झालं की ते हार्ड डिस्कचा नंबर वाचतं, मदरबोर्डचा नंबर वाचतं, इंटरनेटवरून लायसन्स तपासतं, कोणी आत डोकावत तर नाही ना हे बघतं. आता व्हायरस लिहिणारा काय करतो? पकडलं जाऊ नये म्हणून तोही कोड गुंडाळतो, मशीनची माहिती गोळा करतो आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलतो. बाहेरून बघणाऱ्याला दोघांची चाल सारखीच दिसते. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरला वजनकाट्याच्या पोर्टवरून थेट वजन वाचायचं असतं आणि दर रात्री बॅकअपची फाईल तयार करायची असते. म्हणजे संशयाला आणखी जागा.

निळी खिडकी येते, ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ असं लिहिलेलं. व्हायरस सापडला का?

नाही. ही खिडकी विंडोजमधल्या स्मार्टस्क्रीनची आहे. ‘ही फाईल माझ्या ओळखीची नाही’ एवढंच ती सांगते. जगभरात किती जणांनी ही फाईल उतरवून चालवली आणि त्यातून काही वाईट निघालं का, यावर स्मार्टस्क्रीन फाईलची पत ठरवतो. बाजारात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणी उधारीवर माल देत नाही, तसाच हा प्रकार. लाखो लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरची पत काही तासांत तयार होते. केळीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढणारं सॉफ्टवेअर जगात वापरणार किती जण? रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि पलीकडे बऱ्हाणपूर. त्यामुळे आमच्या फाईलची पत हळूहळू तयार होते, आणि नवीन व्हर्जन आलं की बरीचशी परत पहिल्यापासून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नव्या आर्थिक वर्षाचं व्हर्जन टाकणाऱ्या पहिल्या काही जणांना ही खिडकी हमखास दिसते. मे महिन्यात टाकणाऱ्याला दिसतही नाही.

या खिडकीत ‘डोन्ट रन’ हे बटण मोठं असतं. वरच्या मजकुरात ‘मोअर इन्फो’ अशी रेघ ओढलेली अक्षरं असतात, त्यावर दाबा. खाली पब्लिशरचं, म्हणजे फाईल बनवणाऱ्या कंपनीचं, नाव उघडेल. ते नाव आमच्या बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का बघा. जुळलं तर ‘रन एनीवे’ दाबा. जुळलं नाही तर फोन करा.

पब्लिशरच्या जागी ‘अननोन’ दिसतंय. चालवू का?

आमची सेटअप, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची फाईल, असेल तर चालवू नका. आम्ही प्रत्येक सेटअपवर डिजिटल सही करतो, त्यामुळे ‘अननोन पब्लिशर’ आला याचा अर्थ फाईल आमची नाही, किंवा वाटेत कोणी तरी तिला हात लावला आहे, किंवा डाउनलोड अर्धवट झालं आहे.

जीएसटी भरताना किंवा टेंडरला तुम्ही जी डीएससी टोकनवर वापरता, तिच्याच जातीची पण वेगळ्या कामाची ही सही. तुमची डीएससी माणसाची ओळख पटवते. ही सही सांगते की फाईल या कंपनीने बनवली आणि त्यानंतर तिच्यात एक अक्षरही बदललेलं नाही. जून २०२३ पासून या सहीची किल्लीही साध्या फाईलमध्ये ठेवता येत नाही, टोकनसारख्या हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. हे बरंच झालं, कारण आधी या किल्ल्या चोरीला जात. खर्च मात्र दरसाल येतो. म्हणून गावातल्या एखाद्या हुशार पोराने एकट्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर सही नसेल तर लगेच त्याला चोर समजू नका. त्याला समोर बसवून विचारा आणि फाईल त्याच्याच हातून घ्या.

सही आहे म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. २०१७ साली सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका व्हर्जनमध्ये हल्लेखोरांनी आधीच आपला कोड घुसवला होता आणि कंपनीची खरी सही त्यावर व्यवस्थित झालेली होती.

लाल इशारा आला आणि त्यात लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते कसं वाचायचं?

ते नाव नीट वाचलं तर अर्धं काम होतं, पण फोनवर सगळे फक्त ‘ट्रोजन आला’ एवढंच सांगतात.

नावात ‘पीयूए’ असेल तर तो व्हायरस नाही. ‘नको असलेलं असू शकतं’ अशा वर्गातलं ते सॉफ्टवेअर आहे. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत येणारे टूलबार यात मोडतात. ‘जेन’, ‘ह्यूर’, ‘सस्पिशियस’ असे तुकडे असतील तर अँटिव्हायरसला नेमका व्हायरस ओळखू आलेला नाही, त्याने लक्षणांवरून अंदाज बांधला आहे. मायक्रोसॉफ्टच्या नावांत शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल तर तो अंदाज मशीन लर्निंगने केलेला आहे. ‘वॅकाटॅक’ या नावाच्या मागे ही शेपटी लावून आलेले इशारे चांगल्या सॉफ्टवेअरवरही बरेचदा येतात. अंदाज चुकू शकतो. पण बरोबरही येऊ शकतो, म्हणून शेपटी दिसली की लगेच ‘खोटा इशारा’ म्हणून मोकळं होऊ नका.

‘हॅकटूल’, ‘कीजेन’, ‘क्रॅक’, ‘ऑटोकेएमएस’ यांचं वेगळं आहे, त्याचा प्रश्न पुढे आहे.

नावाइतकाच महत्त्वाचा फाईलचा पत्ता. इशाऱ्यातच ‘अफेक्टेड आयटम्स’ म्हणून पूर्ण रस्ता दिलेला असतो. ती फाईल आमच्या फोल्डरमधली आहे का तुमच्या डाउनलोड्समध्ये दोन वर्षांपासून पडलेली भलतीच आहे, हे तिथेच कळतं.

ओळखीच्या रिपेअरवाल्याने सांगितलं, अँटिव्हायरस बंद कर, टाकून घे, मग परत चालू कर. चालेल?

नाही. हा सल्ला गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत कुठेही मिळेल आणि देणारा चांगल्या मनानेच देतो. पण बंद केलेल्या त्या पाच मिनिटांत फाईल खराब निघाली तर तिला रान मोकळं. आणि फाईल चांगली असली तरी फायदा नाही: अँटिव्हायरस परत चालू झाला की तीच फाईल पुन्हा उचलतो, आता अर्धवट बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून. मग बिल निघतं पण प्रिंट येत नाही, असले विचित्र दोष दिसू लागतात.

खात्री झाल्यावर तेवढ्याच एका फोल्डरला सूट द्या. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘मॅनेज सेटिंग्ज’ दाबा, अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे. तिथे आमच्या सॉफ्टवेअरचा फोल्डर टाका. क्विक हील किंवा दुसरा अँटिव्हायरस असेल तर अशीच सोय त्याच्या सेटिंगमध्ये असते. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्ख्या सी ड्राइव्हला सूट देऊ नका. काही कॉम्प्युटरवर आम्हाला अख्खा सी ड्राइव्ह सुटीवर सोडलेला सापडतो. त्यापेक्षा अँटिव्हायरसचे पैसे तरी वाचवायचे.

म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरवरचा इशारा खोटाच असतो ना?

बहुतेक वेळा खोटा असतो. ‘बहुतेक’ हा शब्द सोडू नका.

अँटिव्हायरस कसा चुकतो याची मोठी उदाहरणं आहेत. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाईल व्हायरस म्हणून उचलली आणि जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. ४ सप्टेंबर २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने क्रोम, व्हॉट्सॲप डेस्कटॉप अशा रोजच्या सॉफ्टवेअरवर धोक्याचा इशारा दिला आणि नवीन अपडेट काढून तो मागे घेतला. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरचं असं होतं, तर काट्याची पावती काढणाऱ्या प्रोग्रॅमचं काय घेऊन बसलात.

आता दुसरी बाजू. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या ऑफिसच्या फोनसाठीच्या विकतच्या सॉफ्टवेअरवर अँटिव्हायरसचे इशारे येऊ लागले. कंपनी खरी, सही खरी, अपडेटही कंपनीच्याच सर्व्हरवरून आलेलं. अनेकांनी खोटा इशारा समजून सूट देऊन टाकली. काही दिवसांनी कळलं की हल्लेखोर कंपनीच्या आतच शिरले होते आणि इशारे खरे होते.

आमच्या धंद्याला जास्त जवळचं उदाहरण युक्रेनचं. तिथे कर भरण्यासाठी एम. ई. डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानादुकानांत चालत असे, जसं इथे बिलिंगचं चालतं. २७ जून २०१७ ला त्याच्या अपडेटच्या वाटेने नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. खान्देशातला माल ज्या बंदरातून बाहेर जातो, तिथपर्यंत एका परक्या देशातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची झळ पोचली.

म्हणून काल चांगलं चाललेलं सॉफ्टवेअर आजच्या अपडेटनंतर लाल होत असेल, तर सूट देण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. आमचं असेल तर आम्हाला. ‘तुमचंच आहे ना, मग काय विचारायचं’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

फाईल खरी आहे का, हे दुकानात बसून कसं तपासायचं?

दोन तपासण्या पुरतात. सेटअप फाईलवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब बघा. टॅबच नसेल तर सही नाही. असेल तर नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबा, वर ‘धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके’ असं दिसलं पाहिजे.

दुसरी तपासणी हॅशची. हॅश म्हणजे फाईलवरून काढलेला ६४ अक्षर-आकड्यांचा एक ठसा. फाईलमध्ये स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ निवडा. विंडोज ११ वर आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावं लागू शकतं. आलेला ठसा आम्ही बिलाच्या ई-मेलमध्ये पाठवलेल्या ठशाशी ताडून बघा. फोनवर वाचून दाखवू नका, ‘बी’ आणि ‘डी’मध्ये गोंधळ होतो. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका, आम्ही जुळवून सांगतो.

व्हायरसटोटलवर टाकलं, सत्तरपैकी तीन-चार लाल आले. आता?

व्हायरसटोटल एकच फाईल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसना दाखवतं. ही साइट स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. तीन-चार कमी ओळखीच्या नावांचे, तेही ‘जेन’ किंवा ‘एमएल’ छापाचे इशारे असतील आणि सही जुळत असेल तर बहुधा चिंता नाही. नावाजलेले अँटिव्हायरस एकाच व्हायरसचं नाव घेत असतील तर फाईल उघडू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. तिथे टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते. सेटअप टाकायला हरकत नाही, पण ‘बघू तरी’ म्हणून गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल नंबर आणि गहाणाच्या नोंदी असलेला तुमच्या पेढीचा बॅकअप तिथे चढवू नका.

तीच सेटअप भावाच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आणली तर निळी खिडकी आली नाही. मग त्याची चांगली आणि माझी खराब का?

दोन्ही एकच. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज एक लपलेली खूण ठेवतं की ही बाहेरून आलेली आहे. स्मार्टस्क्रीन त्या खुणेवरून जागा होतो. पेन ड्राइव्ह साधारणपणे ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, त्यात ही खूण राहत नाही. म्हणजे पेन ड्राइव्हवरची फाईल तपासून शुद्ध झालेली नाही, तिची फक्त तपासणी चुकली. आणि चार दुकानं फिरून आलेला पेन ड्राइव्ह सोबत काय घेऊन येतो, ते शॉर्टकट व्हायरसने फोल्डर गायब झालेल्यांना विचारा.

मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर ‘कीलॉगर’ असा इशारा आला. डीटीपीचं काम आहे, लग्नसराई आहे, काय करू?

आधी कारण समजून घ्या. तुम्ही इंग्रजी बटण दाबता आणि पडद्यावर ‘क’ उमटतो, कारण ते सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि पेजमेकर किंवा कोरलड्रॉ यांच्या मध्ये बसून प्रत्येक बटण आधी स्वतः ऐकतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही नेमकं तिथेच बसतो. अँटिव्हायरसला जागा दिसते, हेतू दिसत नाही. यूएसबीला लावायच्या डोंगलच्या, म्हणजे लायसन्सच्या किल्लीच्या, ड्रायव्हरबाबतही असंच होतं. तो विंडोजच्या खोल थरात बसतो, म्हणून संशय.

म्हणून या जातीच्या सॉफ्टवेअरची नवी सेटअप अधिकृत विक्रेत्याकडून मागवा. जुन्या सीडीवरचे ड्रायव्हर विंडोज ११ वर टाकत बसू नका. आणि ‘सगळे मराठी फॉन्ट, डोंगलशिवाय’ अशी झिप फाईल कोणी ग्रुपवर टाकली तर त्यावरचा कीलॉगरचा इशारा शंभर टक्के मनावर घ्या. डोंगल उडवण्यासाठी ज्याने सॉफ्टवेअर उघडलं, त्याने आत आणखी काय ठेवलं ते तुम्हाला दिसणार नाही.

तुमचं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याच दिवशी ‘हॅकटूल’ सापडलं. तुमच्यातच आहे ना?

फाईलचा पत्ता बघा. असा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा पत्ता विंडोज किंवा ऑफिस चोरून ॲक्टिव्हेट करणाऱ्या प्रोग्रॅमचा निघतो. कॉम्प्युटर घेताना कोणी तरी तो टाकून दिलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. आमचं सॉफ्टवेअर टाकताना डेफिनिशन, म्हणजे अँटिव्हायरसची व्हायरस ओळखायची यादी, अपडेट होते, स्कॅन होतो आणि जुनं भूत बाहेर येतं. त्याला ‘ॲलाव’ करू नका. विंडोज लायसन्सचं रीतसर बघा.

सॉफ्टवेअर नीट चालत होतं. आज सकाळी आयकॉन दाबला तर ‘फाईल सापडत नाही’. हिशेब गेला का?

हिशेब गेलेला नाही. अँटिव्हायरसने प्रोग्रॅमची फाईल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात ठेवली आहे. तुमचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. घाबरून सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करू नका, डेटा फोल्डर हलवू नका. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ उघडा, कालची-आजची नोंद बघा, फोटो काढून आम्हाला पाठवा. आम्ही ‘हो’ म्हटल्यावर ‘रिस्टोर’ करा.

प्रोग्रॅम उघडतो पण बिल सेव्ह होत नाही आणि कोपऱ्यात ‘अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड’ असं येऊन जातं, तर कारण वेगळं: ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून ते तुमचे डॉक्युमेंट्स राखतं. बंद करू नका, त्यातल्या परवानगीच्या यादीत आमचा प्रोग्रॅम घाला.

नवीन लॅपटॉपवर ‘रन एनीवे’ हा पर्यायच येत नाही.

लॅपटॉप एस मोडमध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात. एस मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही. विंडोज ११ मधला अनोळखी प्रोग्रॅम अडवणारा ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ चालू असेल तर त्यात एकट्या प्रोग्रॅमला सूट देण्याची सोय नाही. दोन्हींपैकी काय आहे ते आम्हाला कळवा, फोनवरच बघू.

व्हॉट्सॲपवर तुमच्या नावाने मोबाईल ॲपची फाईल आली आहे.

आमची नाही. आम्ही एपीके फाईल व्हॉट्सॲपवर कधीच पाठवत नाही. वाहनाचं चलन, शासकीय योजना, लग्नपत्रिका अशा नावांनी फिरणाऱ्या एपीके फायलींसारखीच ती समजा. टाकून झाली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला, मग आम्हाला. ‘तुमच्या बिलिंगमध्ये व्हायरस आहे, एनीडेस्कचा नंबर द्या’ असा फोन आला तर तो ठेवून द्या; एनीडेस्कने लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवता येतो. आमचा माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर येतो तो तुम्ही आम्हाला फोन केल्यावरच.

इशारा आला की तुम्हाला काय पाठवायचं, आणि तुम्ही पुढे काय करता?

‘भाऊ, हाई काय शे?’ एवढंच लिहून अर्ध्या खिडकीचा हललेला फोटो आला की आम्हालाही तेच विचारावंसं वाटतं. पूर्ण स्क्रीन येऊ द्या, त्यात इशाऱ्याचं पूर्ण नाव आणि फाईलचा पत्ता दिसला पाहिजे. सोबत अँटिव्हायरस कोणता, विंडोज १० की ११, आणि सेटअप कुठून घेतली, हे लिहा.

फाईल आमचीच आणि शाबूत निघाली तर आम्ही ती त्या अँटिव्हायरस कंपनीच्या खोट्या इशाऱ्यांच्या तक्रार पानावर चढवतो. मायक्रोसॉफ्टचं असं पान आहे, बाकीच्या मोठ्या कंपन्यांचीही आहेत. प्रत्येकाला वेगळं कळवावं लागतं, एकाने मानलं म्हणून दुसरा मानत नाही. त्यांनी इशारा मागे घेतला की तुम्हाला फक्त अँटिव्हायरस अपडेट करून सेटअप पुन्हा चालवायची असते. तोवर जुनं व्हर्जन चालू ठेवा, त्यात बिलं निघत राहतील आणि नव्यात आपोआप येतील. फाईल आमची नाही असं निघालं तर आम्ही स्वतः फोन करतो, रात्र असली तरी. त्या वेळी कॉम्प्युटरची नेटची वायर काढून ठेवा आणि त्याला बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावू नका.